तलंगांची अंडी

कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत मारागोलीच्या टेकड्यांवर कोंबड्यांची मानमोडी येते, तशी ती त्या वर्षीही आली आणि मुहोंजाचं खुराडं रिकामं करून गेली. सकाळी दार उघडावं तर एखादी कोंबडी मान पाठीवर टाकून गिरक्या घेत असायची, एखादी पंख पसरून थंड पडलेली असायची. मुहोंजा त्यांना पाय धरून उचलायची, केळीच्या बुंध्याशी खड्डा करून पुरायची, राखेनं हात घासायची आणि उरलेल्यांच्या पाण्यात मिरची कालवायची. कशाचा गुण आला नाही. शेवटी एक काबरी तेवढी उरली, तीही एका डोळ्यानं अधू झालेली.

आजार वाडीत शिरला तेव्हाच मुहोंजानं विकायची अंडी अडवून ठेवली होती. ती तिनं काबरीखाली बसवली. पिल्लं निघाली. मग रोज संध्याकाळी एका मडक्यात मक्याची धाटं आणि शेण कोंबून ते वारुळावर पालथं घालायचं आणि उजाडल्यावर उचलून अंगणात आपटायचं. वाळवीचा पांढरा ढीग पडला की पिल्लं चिवचिवत त्यावर तुटून पडायची. घारीसाठी हाताशी काठी, मुंगसासाठी खुराड्याच्या दाराला दगड. अशी ती वाढली. मका कमरेला लागला तोवर त्यांना पिसं फुटली, आणि कोंबडे कोणते, तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या कोवळ्या कोंबड्या, कोणत्या ते दिसायला लागलं.

किदुला, तिचा नवरा, टेकडीवर खडी फोडायचा. कातळाखाली जाळ घालायचा, कातळ तडकला की घणाचे घाव, मग मांडी ठोकून बसायचं आणि हातोडीनं बारीक खडी करायची. सगळं आयुष्य त्यात गेलं होतं. बोटं जाड झाली होती, पापण्यांवर सुद्धा दगडाचं पीठ बसलेलं असायचं. कोंबड्यांशी त्याचा संबंध एवढाच, की ओसरीवर घाण केली की त्यांना शिव्या घालायच्या.

"तुझ्या ह्या बाया," तो म्हणायचा, "माझ्या खाटेवर चढल्या होत्या आज."

"तुमच्या खाटेवर चढायला दुसरं कोण येणार आता?" मुहोंजा म्हणायची.

मुडेटेच्या बाजारात कासांडीचं चहाचं हॉटेल होतं. तव्यावर अंडं फोडून ते चपातीत गुंडाळून द्यायची ती. मोटारसायकलवाले, चहामळ्यातले मजूर, शाळेतले मास्तर, सगळ्यांचा सकाळचा आधार. आणि अंडी मुहोंजाची. कोंबड्या मेल्यावर कासांडीनंच हात धरून सांगितलं होतं, "तुझी नवी पिढी अंड्यावर येईस्तोवर मी इकडून तिकडून भागवते. पण जागा तुझीच गं."

मक्याची कणसं भरत आली होती तेव्हा मुहोंजा पडली. गवताचा भारा डोक्यावर घेऊन ओल्या उतारावरून येत होती. पाय सटकला. भारा एकीकडे, विळा एकीकडे आणि ती एकीकडे. मांडीचं हाड मोडलं. इस्पितळातून परत आणली ती कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालून, जाळ्यात गुंडाळलेल्या माशासारखी. थोरला मुलगा चंझू नैरोबीला रखवालदार, तो फोनवर रडला आणि पुन्हा कामावर गेला. आंघोळ घालायला शेजारची जेंडेका यायची. बाकी सगळं किदुलावर आलं.

त्याला चूल पेटवता यायची, पण मक्याच्या पिठाची घट्ट उगाली ढवळता यायची नाही. पहिल्या दिवशी पिठाच्या गाठी झाल्या. मुहोंजानं एक गाठ बोटांनी फोडली, आतलं कोरडं पीठ बघितलं आणि तशीच खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिनं खाटेवरून हुकूम सोडायला सुरुवात केली. खिडकी अंगणाच्या बाजूला होती. आतून हुकूम आणि बाहेर अंमल.

"अहो, खुराडं झाडलंत का?"

"झाडलं."

"झाडलं असतं तर खराट्याचा आवाज आला असता."

मग तो खराटा घ्यायचा. वाकून खुराड्यात शिरायचा, विष्ठा ओढून केळीला घालायचा. पाठ दुखायची. खडी फोडतानाही पाठ दुखायची, पण ती दुखणी वेगळी, ती पुरुषाची वाटायची. संध्याकाळी वारुळावर मडकं ठेवायला निघाला की वरून खाणीतले लोक येताना दिसायचे.

"काय किदुला, पिल्लं काढायला बसलास काय?" अडागाला ओरडायचा. हा त्याचा जुना जोडीदार, एकाच कातळावर दोघांनी घण मारलेले. "ऊब येते का नीट?"

"तुझ्या तोंडाची वाफ येते, तेवढी पुरते," किदुला म्हणायचा आणि मडकं पोटाशी धरून पुढं सरकायचा.

तलंगांचे तुरे लाल व्हायला लागले. पहिलं अंडं त्याला मक्याच्या कणगीमागं फुटक्या टोपलीत सापडलं. तो ते हातात घेऊन उभाच राहिला. लहान पेरूएवढं होतं. टरफलावर रक्ताची एक बारीक रेघ. त्याच्या रुंद तळहातावर ते इतकं बारकं दिसत होतं की खडीचा तुकडा मोठा वाटावा. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि ते खिशात टाकलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक, मग दोन, तीन. सगळी तशीच, बुटकी, गोल. एक तर इतकं लहान की फोडलं तर आत बलकच नाही, नुसतं पांढरं पाणी.

आतून आवाज यायचा, "अहो, अजून कुणी ओरडलं नाही का अंडं घालून?"

"ओरडतायत. नुसत्याच ओरडतायत."

टोपलीचा तळ भरल्यावर "लागल्या घालायला" एवढंच आत ओरडून तो मक्याची सोपटं घालून अंडी घेऊन मुडेटेला गेला. कासांडीच्या हॉटेलात सकाळची गर्दी होती. तिनं हात पुसत टोपली पुढं ओढली आणि सोपटं बाजूला केली.

"किदुलाबाबा," ती म्हणाली, "घरटी लुटलीत की काय हो कुणाची?"

बाकावरचे हसले. एका मोटारसायकलवाल्यानं एक अंडं उचलून डोळ्याला लावलं. "हे कबुतराचं. पैज."

"कबुतराचं याहून मोठं असतं," दुसरा म्हणाला.

"कोंबड्यांना काय दगड चारता काय बाबा? खाणीतले?"

किदुलाची बाही आत गेली होती ती त्यानं उगीच ओढून सारखी केली. कासांडीला त्याची दया आली असावी. तिनं त्याला चहा दिला, पण टोपली त्याच्याच बाजूला सरकवली.

"अहो, मुहोंजाचं अंडं चपातीभर पसरायचं," ती हळू आवाजात म्हणाली. "हे टाकलं तर मधोमध एक ठिपका. लोक मला शिव्या देतील. तो पोल्ट्रीवाला रोज विचारतोय, ट्रेच्या ट्रे आणून देतो म्हणतोय. मी अजून थांबले आहे तिच्यासाठी. तुम्ही जरा त्यांना खायला घाला हो नीट."

खायला घाला. हे त्याला जास्त लागलं. घरी येताना चढावर तो दोनदा थांबला. मुहोंजाच्या हातात कोंबड्या होत्या तेव्हा अंडं चपातीभर पसरत होतं. त्याच्या हातात आल्या आणि ठिपका झाला. वाटेत खाणीवर त्यानं डबा ठेवून जाळावर ती सगळी अंडी उकडली आणि बसून एकट्यानं खाल्ली. सोलता सोलता बोटांना अर्धं पांढरं चिकटून निघत होतं.

"काय म्हणाली कासांडी?" मुहोंजानं विचारलं.

"खूश झाली."

"एवढंच?"

"मग काय नाचायची काय?"

ती छताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "उद्या एक मला आणून द्या. हातात धरायचंय."

त्या रात्री तो कुशीवर वळून पडून होता. पहाटे उठून तो वाडीच्या तोंडावरच्या दुकानात गेला आणि पोल्ट्रीचं एक लाल, मोठं अंडं आणलं. खुराड्याच्या आडोशाला बसून त्यानं ते नीट न्याहाळलं. फार स्वच्छ वाटलं. म्हणून त्याला जराशी विष्ठा लावली, वरून एक मऊ पीस चिकटवलं. पुन्हा न्याहाळलं. मग आत नेऊन तिच्या हातात ठेवलं.

मुहोंजानं ते तळहातावर तोललं. बोटं फिरवली, पीस काढून फुंकरीनं उडवलं, नाकाशी नेलं, गालाला लावलं. किदुलाला घाम फुटला.

"चांगलं आहे हो," ती म्हणाली. "कुणाचं?"

"ती... उघड्या मानेची."

"असं. उघड्या मानेची." तिनं ते उशाच्या वाडग्यात ठेवलं. "राहू द्या इथंच. बघायला बरं वाटतं."

त्यानंतर रोज एक लाल अंडं वाडग्यात पडू लागलं आणि खरी अंडी खाणीवर उकडून किदुलाच्या पोटात. अडागालाच्या ते नजरेत आलंच.

"मित्रा, तुझं पोट सुटतंय," तो म्हणाला. "बायको आजारी आणि नवरा फुगतोय."

किदुलानं त्याला सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. अडागालानं हातोडी खाली ठेवली आणि कपाळाला आठ्या घालून विचार केला. त्याला सगळ्यातलं सगळं कळत असे.

"चारा कमी पडतोय," तो म्हणाला. "गाय बारीक असली की वासरू बारीक. सरळ आहे. त्यांना तळ्यातली वाळकी मासळी घाल कुटून. मक्याचा भरडा घाल. पोट दाबून दाबून भर. अंडं फुगलं नाही तर माझ्यावर येऊन थुंक."

किदुलानं मासळी आणली. खडी फोडायच्या हातोडीनंच दगडावर कुटली. भरड्यात कालवून सकाळ, दुपार, संध्याकाळ घातली. तलंगा धावत यायच्या, खायच्या, पुन्हा यायच्या. गळ्याच्या पिशव्या टरारून एका बाजूला लोंबायच्या. तो शेजारी उकिडवा बसून एकेकीला बोलायचा, "खा. अजून खा. लाज राख माझी." आता त्याला त्या ओळखू यायला लागल्या होत्या. पिवळ्या पायांची भांडखोर. ठिपकेवाली, ती सगळ्यांच्या शेवटी खायची. आणि मातकट रंगाची एक, ती त्याच्या पायावर चढून बसायची, घोट्यावर पिसांची ऊब लागायची. ती बसली की त्याला उठवत नसे.

अंडी फुगली नाहीत. अंडी जास्त यायला लागली, एवढंच.

एका दुपारी आभाळ भरून आलं, वीज चमकली आणि पाऊस कोसळला. किदुला ओसरीवर उभा होता. तेवढ्यात केळीखालून आवाज आला, कोंबडीचाच, पण असा लांब आणि घोगरा की तो ओळखू आला नाही. तो पावसात धावला. मातकट रंगाची तलंग चिखलात बसली होती आणि बाकीच्या तिच्या मागून टोचत होत्या. त्यानं त्यांना लाथेनं हाकललं. तिला उचललं तर हाताला ओलं, गरम लागलं. शेपटीखालून लाल मांसाचा गोळा बाहेर आला होता.

त्यानं गरम पाणी केलं. धुतलं. बोटाला तेल लावून तो गोळा आत सारायला बघितलं. ही बोटं घण धरणारी. कितीही हळू लावली तरी तिला ती जडच. आत गेलं आणि ती कण्हली की परत बाहेर.

"अहो," आतून मुहोंजा ओरडली, "कुणाचं अंग बाहेर आलंय? इकडं आणा."

"काही नाही. तू पड."

"मी पडलेलीच आहे! आणा म्हणते ना इकडं!"

त्यानं तलंग आणून तिच्या छातीवर ठेवली. प्लास्टरवर चिखल सांडला. मुहोंजानं तिला काखेत धरली, साखर मागितली, गोळ्यावर साखर चोळली, सूज उतरायची वाट बघितली, मग दोन बोटांनी अलगद आत लोटलं आणि तळहात दाबून धरून ठेवला. तोंडानं ती एकसारखं काहीतरी पुटपुटत होती, लेकराला झोपवताना बोलतात तसं. बराच वेळ गेला. पाऊस पत्र्यावर वाजत होता. तिनं हात काढला. तलंगेनं अंग ताणलं आणि सगळं पुन्हा बाहेर आलं, आता रक्तासकट.

"बाकीच्यांनी फार टोचलंय," मुहोंजा म्हणाली. "हिला आता त्रास नको. जा. झटकन करा."

त्यानं ते केळीखाली केलं. परत आला तेव्हा त्याचं तोंड ओलं होतं, पावसानं की कशानं, तिनं विचारलं नाही.

"पोट फाडून आतलं वाडग्यात आणा," ती म्हणाली. "मला बघायचंय."

त्यानं आणलं. मुहोंजा कोपरावर जरा उठली आणि बोटानं आतडी बाजूला केली. मध्ये बलकांचा घोस होता, द्राक्षांसारखा. एक गोट्याएवढा पिवळाधमक, त्याच्या शेजारी त्याहून लहान, मग वाटाण्याएवढा, मग मोहरीएवढे कितीतरी. आणि सगळ्यांभोवती चरबीच चरबी, हळदीच्या लोण्यासारखी.

"काय चारलंत हिला?"

किदुला दारात उभा होता. "मासळी," तो म्हणाला. "भरडा."

"किती?"

"खाईल तेवढं." मग त्याला राहवलं नाही. "अंडी लहान येत होती गं. पेरूएवढी. कासांडीनं परत केली. सगळे हसले. तुझ्या हातात होत्या तेव्हा... मला वाटलं मी उपाशी मारतोय त्यांना."

मुहोंजानं घोसातला सगळ्यात मोठा बलक बोटावर घेतला.

"हे बघा. आधी हा पिकतो. हा जेवढा, तेवढंच त्याच्याभोवती पांढरं बसणार, आणि त्याच्यावर टरफल. तलंगेचा बलकच एवढा. तिची हाडं अजून वाढतायत, खाल्लेलं आधी तिच्या अंगाला लागतं. अंड्याची वाटही अजून अरुंद. वय झालं की बलक मोठा होतो, मग अंडं आपोआप मोठं होतं. त्याला फक्त दिवस जावे लागतात. तुम्ही चारलंत ते चरबीत गेलं, आणि चरबीनं वाट आणखी दाबली."

"म्हणजे ती सगळी अंडी..."

"अगदी जशी यायला हवी होती तशीच आली."

तो खाली जमिनीवर बसला. ओल्या बंडीतून पाणी ठिबकत होतं.

"आणि ही?" मुहोंजानं उशाचा वाडगा पुढं ओढला. लाल अंड्यांची रास झाली होती. "ही कुणाची?"

त्यानं ओल्या बंडीची कड पिळली.

"उघड्या मानेचीची म्हणालात. तिचा तुरा मला खिडकीतून दिसतो. अजून पिवळा आहे. तिला अंडं यायला अजून अवकाश आहे." तिचा आवाज हलायला लागला होता. "आणि तुम्ही त्याला... तुम्ही त्याला शेण फासलंत, चंझूचे बाबा! आणि वर पीस!"

ती हसत सुटली. प्लास्टरमधला पाय हलला, कळ आली, ती ओरडली आणि पुन्हा हसली. जेंडेका पावसातून डोक्यावर पोतं घेऊन आत आली आणि बघते तर एक जण खाटेवर हसून रडतेय, दुसरा जमिनीवर चिखलात बसलाय, आणि मध्ये वाडग्यात कोंबडीची आतडी.

"काय झालं भावोजी?"

"काही नाही," किदुला म्हणाला. "ती कोंबडी तू घेऊन जा. आमच्याच्यानं खाववणार नाही."

जेंडेका गेल्यावर मुहोंजाचं हसू सरलं. ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "पाय मोडलाय माझा. हात नाही मोडले. मला वाटलं, तुम्ही मला आता हिशेबातून काढलं. हिला काय कळतंय, देऊ काहीतरी हातात."

"तसं नव्हतं गं."

"मग मी वाटच बघत होते ना त्या लहान अंड्यांची. सगळ्या मेल्या होत्या. त्यांच्या पोटचं काही शिल्लक आहे की नाही, ते मला हाताला लागायला हवं होतं. कुठं आहेत ती?"

किदुला घुटमळला. "खाल्ली."

"कुणी?"

त्यानं आपल्या पोटाकडं बघितलं. ती पुन्हा हसली, पण या वेळी जपून, मांडीवर हात दाबून धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळची अंडी त्यानं सरळ तिच्या ओटीत नेऊन टाकली. तिनं एकेक हातात घेऊन कुणाचं ते सांगितलं आणि दोन बाजूला ठेवून बाकीची बाजारात न्यायला लावली. किदुला गेला. तेच हॉटेल, तेच बाक, तीच माणसं. त्यानं टोपली मध्ये ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही तलंगांची अंडी आहेत. तलंगांची अशीच असतात. मला माहीत नव्हतं. मोठी अंडी हवी असतील तर त्यांना मोठं होऊ द्यावं लागेल."

कुणी हसलं नाही. फक्त तो पैजवाला म्हणाला, "आमच्या आजीचीही अशीच असायची, आता आठवलं."

"अहो, मग त्या दिवशीच सांगायचं!" कासांडी म्हणाली. "मला वाटलं, ती पडलीय म्हणून तुम्ही कोंबड्यांकडं बघतच नाही." मग तिचा चेहरा पडला. "पण बाबा, त्या पोल्ट्रीवाल्याला मी शब्द दिला. नाताळपर्यंत. आता मागं कसा घेऊ?"

"नको घेऊस," किदुला म्हणाला. तो चहा न पिताच निघाला.

घरी सांगितल्यावर मुहोंजानं बाजूला ठेवलेली दोन अंडी उशाशी सरकवली. मग म्हणाली, "माझी खाट बाहेर काढा."

अडागालाला आणि आणखी दोघांना बोलावून किदुलानं तिला खाटेसकट उचलली आणि पाऊलवाटेजवळच्या अवाकाडोच्या झाडाखाली ठेवली. त्या वाटेनं शाळेची पोरं जायची, रविवारी प्रार्थनाघराची माणसं. किदुला चुलीवर अंडी उकडायचा, मुहोंजा पडल्या पडल्या सोलायची, मध्ये चीर देऊन कांदा, टोमॅटो, मीठ, मिरची भरायची. लहान अंडं पोराच्या तोंडात एका घासात मावायचं. मोठं परवडलं नसतं, हे परवडायचं. शाळा सुटली की खाटेभोवती दंगा. मुहोंजा पोरांना रागवायची, कुणाच्या आईची विचारपूस करायची, कुणाचं नाक पुसायची. तिच्या चेहऱ्यावर ऊन लागून पुन्हा तुकतुकी आली. अडागालाही यायचा. त्याला किदुला फुकट द्यायचा नाही.

"मला थुंकायला बोलावलं होतंस ना?" किदुला म्हणायचा. "थांब, वेळ बघून थुंकतो."

प्लास्टर निघालं. पाय वाळलेल्या उसासारखा बारीक झालेला. काठी घेऊन ती आधी ओसरीपर्यंत, मग खुराड्यापर्यंत जायला लागली. वारा पुन्हा कोरडा व्हायच्या सुमाराला किदुलाला एका सकाळी जाणवलं, की अंडं उचलताना त्याची बोटं पुरती मिटत नाहीत. त्यानं दुसरं उचललं. तेही तसंच. अंडं कधी एवढं मोठं झालं ते त्याला कळलंच नव्हतं. मधे कुठं खूण नव्हती. तो खुराड्यात वाकलेलाच राहिला, पाठ दुखत असूनही.

नाताळ उलटल्यावर कासांडी स्वतः टेकडी चढून आली. पाव आणला होता, साखर आणली होती. मुहोंजाचा पाय बघितला, हळहळली. मग टोपलीतली अंडी बघून तिचे डोळे मोठे झाले.

"मुहोंजा, पोल्ट्रीच्या अंड्याला चवच नाही गं. लोक कंटाळले. ही दे मला."

"मला काय विचारतेस?" मुहोंजा म्हणाली. "कोंबड्या आता ह्यांच्या आहेत. ह्यांना विचार."

किदुला एकदम गडबडला. त्यानं कासांडीकडं बघितलं नाही. उठला, अंगणात गेला आणि उघड्या मानेचीबरोबर वाढलेला सगळ्यात जाडा कोंबडा धरला. पाहुणी एवढी चढून आली म्हणजे तेवढं करायलाच हवं होतं. अंडी द्यायची हे त्यातच आलं.

रस्सा त्यानं स्वतः केला. उगाली आता बिनगाठीची होत होती. तिघं ओसरीवर जेवायला बसली. पोटरीचा तुकडा पाहुणीच्या पानात गेला. मांसाच्या भांड्यात कोंबड्याचा पेटा, दाणे दळणारी ती चिवट पिशवी, वर दिसत होता. तो घरच्या पुरुषाचा, हे काही सांगायला लागत नाही. त्यावरून ह्या टेकड्यांवर संसार मोडलेले आहेत. किदुलानं तो चमच्यानं उचलला आणि मुहोंजाच्या ताटात ठेवला.

कासांडीचा घास हातातच राहिला.

"अहो, हे काय?" मुहोंजा म्हणाली.

"खा."

"माझ्या आईनं कधी जिभेला लावला नाही."

"म्हणून तर खा. गार होईल."

तिनं तो हातात घेतला, उलटसुलट बघितला, एक कडा दातानं तोडली आणि चावायला लागली. चावत राहिली. दोघं तिच्या तोंडाकडं बघत होती.

"एवढ्यासाठी तुम्ही बाप्ये लोक भांडता?" ती शेवटी म्हणाली. "नुसता रबर आहे हो."

आणि तिनं तो सगळाच्या सगळा संपवला. त्याला एक तुकडासुद्धा ठेवला नाही.